दुर्मीळ आजारांचा माग

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेतील भाषण. पडद्यावर दाखवलेली स्लाइडची चित्रे इथे छापता आली नाहीत, त्यामुळे त्या ठिकाणी थोडे वर्णन वाढवले आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून वय, गाव वगैरे तपशील बदलले आहेत.)



या पंचवीस वर्षांत मला लिफ्टमध्ये दोन प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारले गेले. पहिला, "डॉक्टर काकू, जरा हा रिपोर्ट बघता का?" आणि दुसरा, "तुम्ही पेशंट तपासत नाही, मग नेमकं करता काय?" आज माइक हातात आहे, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट देऊन टाकते. पहिल्याचं उत्तर त्यातच येईल.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट माझ्यासमोर क्वचितच बसतो. त्याचं रक्त येतं, गाठ येते, हाडाच्या आतला मगज येतो. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यातलं पाणी टप्प्याटप्प्यानं काढतो आणि तो मेणात बसवतो. याला म्हणायचं ब्लॉक. मग त्या ब्लॉकचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. केसाचे उभे पंधरा-वीस पापुद्रे काढले, तर त्यातला एक जेवढा पातळ होईल, साधारण तेवढे. हे काप काचेवर घेऊन रंगवायचे. हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग एका झाडाच्या खोडापासून मिळतो, त्यानं पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात. इओसिननं बाकीचा भाग गुलाबी होतो. एवढं झाल्यावर ती काच मायक्रोस्कोपखाली येते. "रिपोर्टला चार दिवस का लागतात?" असं विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं. मेण घाई करून चालत नाही.

आजचा विषय दुर्मीळ आजारांचा आहे. असे सहा-सात हजार आजार वैद्यकाला माहीत आहेत. त्यांची यादी वाचायला मी उभी राहिलेली नाही, आणि घरी जाऊन कुणी स्वतःला त्यातला एखादा आजार चिकटवून घ्यावा असंही मला वाटत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की असा आजार सापडतो कसा.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेते. तिसऱ्या मजल्यावर बेडरूमच्या भिंतीला ओल येते. प्लंबर आधी वरच्या घराचं बाथरूम बघतो. बरोबरच आहे, कारण दहातल्या नऊ वेळा दोष तिथेच असतो. पण बाथरूम फोडून पुन्हा बांधलं, वॉटरप्रूफिंग झालं, दोन्ही घरांत बोलणं बंद झालं, आणि ओल तशीच वाढते आहे. आता काय करायचं? दोष बाथरूमचाच असं म्हणत दुसऱ्यांदा फोडायचं, की गच्चीवरून येणारा पाइप आणि बाहेरच्या भिंतीची भेग बघायची?

दुर्मीळ आजाराचं निदान इथे सुरू होतं. आधी नेहमीचाच आजार शोधायचा असतो. मात्र एखादी गोष्ट त्याच्याशी जुळत नसेल, तर तिला दामटून बसवायचं नाही. आता तीन रुग्ण सांगते. प्रत्येकात ती न जुळणारी गोष्ट कोणती, तेवढं पाहा.

'ओ' गट, पण 'ओ'चं रक्त चालेना

पहिली गोष्ट आपल्या मुंबईच्या नावाचीच आहे. तिशी ओलांडलेली एक बाई. गर्भाशयातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलेलं, हिमोग्लोबिन कमी, म्हणून दोन पिशव्या रक्त हवं होतं. आजवरच्या प्रत्येक कागदावर तिचा गट 'ओ पॉझिटिव्ह'. असं रक्त ब्लड बँकेत भरपूर असतं. पण क्रॉसमॅच करताना पहिल्या पिशवीशी गुठळ्या झाल्या. दुसरी घेतली, तिसरी घेतली, तेच. तंत्रज्ञ मुलगी हुशार होती. चौथी पिशवी उघडण्याऐवजी तिनं फोन उचलला.

ए, बी, एबी आणि ओ हे गट आपण शाळेत शिकलो. ए आणि बी या खुणा लाल पेशीवर थेट बसत नाहीत. त्यांच्याखाली 'एच' नावाची एक पायाभूत खूण असते, तिच्यावर त्या बांधल्या जातात. ओ गटाच्या माणसांत वरचं बांधकाम नसतं, पण एचचा पाया भरपूर असतो. काही माणसांत मात्र हा पायाच नसतो. त्यामुळे ए नाही, बी नाही, आणि नेहमीच्या तपासणीत गट दिसतो 'ओ'. पण त्यांच्या रक्तद्रवात ए आणि बीबरोबर एचच्याही विरोधातली प्रतिद्रव्यं असतात. अशा माणसाला साधं ओ रक्त दिलं, तर दिलेल्या पेशी शरीरात फुटतात. जिवावर बेतू शकतं.

हा गट 1952 साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या या शहरात शोधला. 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जाऊ लागला. शहराचं नाव बदललं, तरी गटाचं नाव तेच राहिलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा असतो. युरोपात त्याहून कितीतरी विरळा.

तो ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. रुग्णाच्या पेशी तपासतात तसा त्याचा रक्तद्रवही उलट बाजूनं तपासायचा, म्हणजे माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींबरोबर मिसळून बघायचा. खऱ्या ओ माणसाच्या रक्तद्रवात ओ पेशी शांत राहतात. या बाईच्या रक्तद्रवात त्यांच्याही गुठळ्या झाल्या. मग एका झुडपाच्या बियांपासून काढलेला अर्क वापरला, तो एच खूण असलेल्या पेशींच्या गुठळ्या करतो. हिच्या पेशींना त्यानं काहीच झालं नाही. निदान पक्कं झालं.

हा गट आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे मिळतो, म्हणून सख्ख्या भावंडांत तो सापडण्याची शक्यता चारात एक असते. तिच्या तिन्ही भावंडांना बोलावलं. धाकट्या भावाचा गट जुळला. ऑपरेशन तातडीचं नव्हतं, म्हणून काही आठवडे लोहाची औषधं देऊन तिचं हिमोग्लोबिन वाढवलं आणि भावाचं रक्त हाताशी ठेवून ऑपरेशन पार पडलं.

पण मला ही केस वेगळ्याच कारणानं लक्षात राहिली. या बाईचा गट कागदावर ओ, नवऱ्याचा ओ, आणि मुलीचा बी. शाळेतलं जीवशास्त्र सांगतं, दोघं ओ असतील तर मूल बी होऊ शकत नाही. मुलीच्या जन्मापासून सासरी कुजबूज होती. ती बाई नऊ वर्षं मान खाली घालून राहिली होती. प्रत्यक्षात बीचं जनुक तिच्याकडेच होतं, फक्त एचचा पाया नसल्यामुळे ते दिसत नव्हतं. मुलीला एच वडिलांकडून मिळाला आणि आईकडून आलेला बी तिच्यात उघड झाला. आम्ही कागदावर आकृती काढून हे तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हा कागद आम्हाला द्या." ती आकृती त्या घरी घेऊन गेल्या.

टीबी नाही, कॅन्सरही नाही

दुसरी केस बावीस वर्षांच्या कॉलेजमधल्या मुलीची. मानेत गाठी, तीन आठवडे ताप, वजन उतरलेलं. दुसरीकडे सुईनं पाणी काढून तपासलं होतं, त्यात मेलेल्या पेशी दिसल्या आणि टीबीची शक्यता लिहिलेली. आपल्या देशात मानेतल्या गाठी आणि ताप म्हटल्यावर टीबीच आधी मनात येणार, आणि आलाच पाहिजे. औषधं दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. पण तिच्या फिजिशियनांना पांढऱ्या पेशींची संख्या कमी आहे हे खटकलं. त्यांनी एक अख्खी गाठ काढून पाठवायला सांगितली.

सुईच्या टोकाला चिमूटभर पेशी येतात. अख्ख्या गाठीत त्यांची रचना दिसते. टीबीच्या गाठीत मधोमध पनीरसारखा मृत भाग असतो, त्याभोवती विशिष्ट पेशींचं कडं आणि अनेक केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी. साधा पू झाला असेल तर न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची झुंबड दिसते. या मुलीच्या गाठीत ठिकठिकाणी मेलेल्या पेशींची धूळ पडलेली, पण राक्षसी पेशी नाहीत, कडं नाही आणि न्यूट्रोफिलही नाहीत. एवढ्या पेशी मेल्या आहेत, आणि तिथे नेहमी धावून येणारे न्यूट्रोफिल आलेलेच नाहीत. ही इथली न जुळणारी गोष्ट. त्यांच्याऐवजी होत्या चंद्रकोरीसारखी केंद्रकं असलेल्या सफाई पेशी.

हे चित्र किकुची-फुजिमोटो आजाराचं. 1972 साली जपानमध्ये या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. तो बहुधा चाळिशीच्या आतल्या माणसांना होतो, स्त्रियांना जास्त, आणि बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरा होतो. धोका असतो तो चुकीच्या नावाचा. टीबी म्हटलं तर सहा महिने नको ती औषधं. आणि त्यातल्या काही पेशी इतक्या मोठ्या व ओबडधोबड दिसतात, की लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, वाटावा. म्हणून आम्ही विशेष रंग देऊन त्या पेशींची जात तपासली. गाठीचा दुसरा तुकडा सर्जननी फॉर्मलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये पाठवला होता, त्यावर टीबीची जनुकीय तपासणी आणि कल्चर करता आलं. दोन्हींत टीबी निघाला नाही.

मुलीचे वडील रिपोर्ट घ्यायला स्वतः आले. "मॅडम, टीबी की कॅन्सर, एवढंच सांगा." मी म्हटलं, "दोन्ही नाही." त्यांना ते पटेना. इतके दिवस दोनच दारं दाखवली गेली होती, तिसरं असू शकतं हे त्यांच्या मनातच नव्हतं. तापाच्या साध्या गोळ्या आणि विश्रांती यावर दीड महिन्यात गाठी विरल्या. यातल्या थोड्या रुग्णांना पुढे ल्यूपस नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून तिची त्यासाठीची तपासणी केली आणि दरवर्षी दाखवायला सांगितलं.

मोठी झालेली पानथरी

तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा, मराठवाड्यातल्या एका गावचा. पोट पुढे आलेलं, चेहरा फिकट, पायाची हाडं दुखतात म्हणून रात्री रडायचा. पानथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीच्या खाली उतरलेली. मलेरियाची औषधं दोनदा होऊन गेली होती. पण रक्तात मलेरियाचे जंतू एकदाही सापडले नव्हते. थॅलेसेमिया नव्हता, ल्युकेमिया नव्हता. प्लेटलेट इतक्या कमी, की पानथरी काढून टाकावी असा विचार चालू होता.

हाडातला मगज तपासला. त्यात मोठमोठ्या फिकट पेशी होत्या आणि आतला भाग चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारखा. एकदा पाहिलं की हे चित्र विसरत नाही. हा गोशे आजार. फिलिप गोशे या फ्रेंच डॉक्टरांनी 1882 साली त्याचं प्रथम वर्णन केलं, तेव्हा त्यांना तो पानथरीचा अर्बुद वाटला होता. प्रत्यक्षात हा कचऱ्याचा प्रश्न आहे. जुन्या रक्तपेशी मोडल्या, की त्यांच्या आवरणातला एक स्निग्ध पदार्थ सफाई पेशी गिळतात आणि एका एन्झाइमनं त्याचे तुकडे करतात. ते एन्झाइम जन्मतःच पुरेसं नसेल तर कचरा साठत जातो. आपल्याकडे गाडी दोन दिवस आली नाही तर गेटपाशी काय होतं, आपण जाणतो. इथे गाडी कधीच येत नाही. पानथरी, यकृत, हाडं, सगळीकडे ढीग साचतो.

पण तशाच दिसणाऱ्या पेशी रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही आढळतात. म्हणून स्लाइडवर समाधान मानायचं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधलं ते एन्झाइम मोजलं, फारच कमी निघालं. मग जनुक तपासलं. पानथरीवरचं ऑपरेशन टळलं.

या आजाराला औषध आहे. 1991 पासून बाहेरून एन्झाइम देता येतं. पण ते दर दोन आठवड्यांनी शिरेतून आणि आयुष्यभर, आणि त्याचा खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा. केंद्र सरकारनं 2021 साली दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं. ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईतलं केईएम रुग्णालय अशा केंद्रांपैकी एक आहे. रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण आयुष्यभराच्या औषधाला ती अपुरी पडते, हेही खरं. या मुलाचे कागदपत्र पुरे व्हायला बरेच महिने गेले. उपचार सुरू झाल्यावर पानथरी हळूहळू आत गेली आणि तो शाळेत जाऊ लागला. पुढे औषध अखंड मिळत राहील का, ही त्याच्या आईची काळजी मात्र अजून संपलेली नाही.

त्याचे आईवडील नात्यातले होते, आतेभाऊ-मामेबहीण. मी कुणाला दोष देत नाही, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अशी लग्नं होत आली आहेत. फक्त समजून घ्या. दोघांकडे एकेक सदोष जनुक असेल, तर दोघंही ठणठणीत असतात, पण प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. घरात एखाद्या मुलाला असा आजार झाला असेल, तर पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते.

फॉर्मवरची एक रिकामी ओळ

शेवटी एक छोटं उदाहरण. नाकातून काढलेला लालबुंद, रक्त येणारा मांसल तुकडा येतो. फॉर्मवर दोनच शब्द: 'नाकातला पॉलिप'. मायक्रोस्कोपखाली मात्र गोल गोल पिशव्या दिसतात, काहींत बीजाणू ठासून भरलेले. हा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. 1900 साली अर्जेंटिनात सीबर यांनी त्याचं वर्णन केलं, पण जगातले बहुतेक रुग्ण भारतात आणि श्रीलंकेत सापडतात. अनेक वर्षं याला बुरशी समजत होते. 1999 च्या सुमारास जनुकीय अभ्यासातून कळलं, की हा जीव बुरशीपेक्षा पाण्यातल्या एका वेगळ्याच सूक्ष्मजीव गटातला आहे. तळ्यात, साचलेल्या पाण्यात आंघोळ करणाऱ्यांना तो होतो. "आंघोळ कुठे करता?" हा प्रश्न आधी विचारला गेला, तर शंका ऑपरेशनपूर्वीच येते. सर्जन गाठीचं मूळ जाळून काढतात, नाहीतर ती पुन्हा उगवते, आणि गावातल्या बाकीच्यांनाही सावध करता येतं.

यावरून आता आपल्या उपयोगाचं बोलते. दुर्मीळ आजार एकट्या पॅथॉलॉजिस्टला सापडत नाही. तुमची माहिती आमच्यापर्यंत पोचली तरच सापडतो. म्हणून पाच गोष्टी.

एक, शरीरातून काढलेला कोणताही तुकडा तपासणीला पाठवला का, हे सर्जनना विचारा. साधी पित्ताची पिशवी असो की चामखीळ.

दोन, तपासणीच्या फॉर्मवर नाव-वयाबरोबर आजाराची हकिकत लिहून घ्या. ताप किती दिवस, आधी कोणती औषधं, नात्यातलं लग्न, घरात आणखी कुणाला काही. चार ओळींनी निदान बदलू शकतं.

तीन, सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत ठेवा. आजच्या रिपोर्टपेक्षा तीन वर्षांतला फरक जास्त बोलतो.

चार, शंका असेल तर दुसरं मत घ्या. त्यासाठी पुन्हा तुकडा काढावा लागतोच असं नाही. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, तो मागता येतो. त्यात कुणाचा अपमान नाही. आम्हीही अवघड स्लाइड एकमेकांना दाखवतोच. मात्र निर्णय होईपर्यंत चालू औषधं आपल्या मनानं बंद करू नका.

पाच, घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट एकदा ब्लड बँकेत दोन्ही बाजूंनी तपासून घ्या. रक्तदान केलंत तर ही तपासणी तिथे होतेच. कमिटीला माझी विनंती आहे, की या वर्षी रक्तदान शिबिर घ्यावं आणि इच्छुक दात्यांची यादी करून ऑफिसात ठेवावी. यादीत नाव देणं अर्थातच ऐच्छिक. रात्री दोन वाजता कुणाला रक्त लागलं, तर नोटीस बोर्डावर शोधत बसावं लागणार नाही.

आणि लिफ्टमधला तो पहिला प्रश्न. रिपोर्ट जरूर दाखवा, पण तळमजला ते पाचवा मजला एवढ्यात तो वाचून होत नाही. बी विंगमध्ये घरी या, फाइल घेऊन या, चहा घेत शांतपणे बघू.

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाला माझ्या मनापासून शुभेच्छा.